चांदीचं नाणं काळं पडलं नाही

शिंपिणीच्या एका खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, दारात माणसं. काल दिवसभर उलट्या-जुलाबांनी अर्धमेली झालेली नऊ वर्षांची चिमणी आज उशीला टेकून चक्क हसत होती.

"बघा!" नाण्यानं रोग उतरवणाऱ्या चांदीबाबानं चांदीचं नाणं बोटांवर नाचवलं. "पोटातलं विष या नाण्यानं ओढून घेतलं. दवाखान्यात नेली असती तर सुया टोचून मारली असती!"

परवा याच नाण्यानं अळंबी पारखली होती. उकळत्या भांड्यात टाकलं, काळं पडलं नाही, म्हणून बाबा म्हणाला, बिनधास्त खा. थोडीच होती, म्हणून शिंपिणीनं सगळी लेकीला वाढली. अळंबीत विषच नव्हतं, तर नाण्यानं ओढलं काय, हे कोणी विचारलं नाही. शिंपिणीला तर विचारायचंच नव्हतं. बाबा खोटा ठरला असता, तर पोरीला विष तिनंच घातलं, असं ठरलं असतं.

चिमणीच्या शाळेतल्या बाईंनी पाठवलेली डॉक्टरीण गर्दीतून वाट काढत आत आली. "कशी होती अळंबी?"

"हिरवट टोपी, खाली पांढऱ्या चुण्या, देठाला झालर. मागच्या झाडाखालची."

"आणि बुडाशी?"

"बूड कुठलं? माती नको म्हणून मी वरूनच कापते."

"विषारी अळंबीच्या बुडाशी पांढरी पिशवी असते, ती मातीतच राहिली असेल. गाडी खाली उभी आहे. पोरीला उचला."

"अहो, बरी झालीय ती!" शिंपिणीनं चिमणीला घट्ट धरलं.

"बरी दिसतेय, ताई. हे विष आधी पोट बिघडवतं, मग एखादा दिवस गप्प बसतं. आत काळीज, म्हणजे यकृत, नासत असतं. त्या गप्प दिवसाला हा चमत्कार म्हणतोय. आणि चांदी गंधकानं काळी पडते, या विषानं नाही."

"नास्तिक बाई!" बाबा ओरडला. "अपशकुन करते!"

डॉक्टरणीनं चिमणीला तिच्या हातातून काढून उचललं आणि जिना गाठला. शिंपीण मागून धावली, पण गाडीऐवजी झाडाकडे. कापलेला देठ तिनं कात्रीनं उकरला. मातीत, देठाभोवती, फाटकी पांढरी पिशवी होती. विषारी अळंबीची ती खूण तिनं दरवेळी मातीतच ठेवली होती.

"थांबा, मीही येते!" किंचाळत ती गाडीकडे पळाली. चांदीबाबा तेवढ्यात मागच्या जिन्यानं पसार झाला.

दुसऱ्या दिवशी चिमणीचे डोळे पिवळे पडले. शिंपिणीनं डॉक्टरणीचा हात धरला. "परवा, उलट्या सुरू झाल्या तेव्हाच आणली असती तर?"

डॉक्टरीण खोटं बोलली नाही. "आशा जास्त होती."

चिमणी शनिवारी गेली.

शेजारणी समजूत घालायला आल्या. "नशीब गं," एक म्हणाली.

"नशीब नाही." शिंपिणीनं काचेच्या बरणीतला तो देठ सगळ्यांसमोर ठेवला. रडून तिचा आवाज बसला होता. "नीट बघून घ्या. पण एवढं बघूनही खात्री होत नाही, म्हणून रानातली अळंबी खाऊच नका. कुणी खाल्लीच, तर लगेच दवाखान्यात न्या, बरी वाटली तरी न्या. नाण्याला काही कळत नाही. मला डोकं होतं, आणि मी एक दिवस थांबले."