धुतलेले थेंब

रेश्मानं आदल्या संध्याकाळीच गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता. फ्रिजच्या खोक्याचा, चांगला ऐसपैस. जुनी गाडी घेतली की पहिले आठ दिवस असं करायचं, असं आतिफ मेस्त्रीनं तिला बजावलं होतं. सकाळी पुठ्ठा ओढून बघायचा. काळा डाग पडला तर इंजिन ऑइल, हिरवट पडला तर कूलंट, नुसतं ओलं असलं तर एसीचं पाणी. "आणि चाकापाशी फिकट, बुळबुळीत काय दिसलं, तर गाडी हलवू नका वहिनी. आधी मला फोन करा."

उजाडलं तसं दगडाबाई पाण्याची बादली घेऊन अंगणात आली, तर सुनेनं दारातूनच थांबवलं.

"आत्या, आज सडा राहू द्या. पुठ्ठा भिजला तर काय कळणार?"

दगडाबाईनं बादली खाली ठेवली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं अंगण सड्यावाचून उजाडलं नव्हतं. लेक गेला त्याच्या तेराव्यानंतरही तिनं सडा टाकला होता, फक्त ओठांवरची ओवी तेवढी थांबली होती. पूर्वी हात चालला की गळा चालायचा :

दारी घालिते मी सडा, गाडी उभी दारामंदी
बाळ माझा निघायाचा, ऊन चढायाच्या आधी

बाळ म्हणजे दिग्विजय. चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर होता. गेल्या एप्रिलात कामावर जाताना पुलाच्या उतारावर उभ्या ट्रेलरला मागून धडकला. जागेवरच गेला. बघणारे म्हणाले, लई जोरात हुता. गाडीचा नुसता चोळामोळा झालेला; त्यातून कुणाला काय कळणार? जोरात होता, हेच मग खरं ठरलं.

रेश्मा खाली बसली. पुठ्ठा ओढला. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा ओला डाग होता.

"पाणी आहे," ती उठत म्हणाली. "काल येताना एसी लावला होता. शांभवी, बस गाडीत. आधीच उशीर झालाय."

पोरगी दप्तर घेऊन मागच्या सीटवर चढली. मायलेकी दोघी होटगीच्या एकाच शाळेत. एक शिकवायला, एक शिकायला.

दगडाबाई पुठ्ठ्याकडे बघत होती. पाणी असतं तर पुठ्ठ्यावर फुगवटा आला असता. ती वाकली, बोट टेकवलं, अंगठ्यावर चोळलं. बोट सुळकन सरकलं. ही सरक तिच्या ओळखीची होती. पायांच्या तळव्यांना ओळखीची होती.

आता बोलायचं, म्हणजे कसं कळलं तेही बोलावं लागणार. आणि ते बोललं की ही पोर या घरात कशाला राहील? नवरा नाही, दीर नाही. तिच्यासाठी माहेरची खोली अजून रिकामीच होती.

रेश्मानं चावी फिरवली.

दगडाबाई जाऊन गाडीच्या पुढं उभी राहिली.

"आत्या, सरका की. घंटा होईल तिथं."

"पाणी न्हाय ते."

"मग काय आहे?"

"बिरेकचं तेल हाय."

रेश्माला हसू आलं. "तुम्ही कधीपासून मेस्त्री झालात?"

"दिगूच्या गाडीखाली असंच पडायचं."

गाडी बंद झाली. रेश्मा खाली उतरली, पण दार धरूनच उभी राहिली.

"चार दिस पडत हुतं," दगडाबाई सांगत राहिली. आता थांबली तर पुन्हा तोंड उघडणार नाही, हे तिला कळत होतं. "ह्याच चाकाखाली. मी पाटंचं उठून सडा टाकायची, त्यात ते निघून जायचं. काळं तेल घासावं लागतं. हे पान्यासंगट जायचं, म्हनून मला वाटलं, एसीचं आसंल. तिसऱ्या दिशी पाय घसरला माजा. तवा दोन तांबे जास्तीचं वतलं. तुमी उठायच्या आत अंगन लख्ख. त्याला काय दिसनार?"

"अपघातानंतर आतिफभाईंनी विचारलं होतं तुम्हाला. माझ्यासमोर विचारलं होतं. काकी, गाडीखाली कधी डाग दिसला होता का?"

"व्हय."

"तुम्ही नाही म्हणालात."

"व्हय. म्हनलं."

मागच्या सीटवरून शांभवीनं हाक मारली.

रेश्मा पायरीवर जाऊन बसली. अपघाताच्या दिवशी सकाळी नवराबायकोचं वाजलं होतं. तिनं डबा ओट्यावर आपटला, तो डबा न घेताच गेला. वर्षभर तिनं ही गोष्ट शेजारणीला सांगितली, आईला सांगितली, सासूला तर कितीदा सांगितली. माझ्यामुळंच रागात गेला. आणि सासू प्रत्येक वेळी तिच्या पाठीवरून हात फिरवत गप्प बसली होती.

"मी रडायचे, तेव्हा तुम्ही जवळ बसलेल्या असायच्या," रेश्मा म्हणाली.

दगडाबाईला खाली बसायचं होतं. पण त्याच पायरीवर बसायचा धीर होईना.

रेश्मानं फोन काढला, आतिफला लावला. डावं चाक, फिकट, बुळबुळीत, एवढंच बोलली. पलीकडून तो म्हणाला, "हात लावू नका वहिनी, येतो मी." मग तिनं शाळेत फोन करून सांगितलं, की आज येत नाही.

"आत्या."

"बोल गं."

"त्यानं ब्रेक दाबला असेल ना?"

"दाबला आसंल की. समोर ट्रेलर दिसल्याव..."

"मला वाटायचं, त्यानं दाबलाच नाही." तिची नजर पुठ्ठ्यावर होती. "मला वर्षभर वाटत होतं, त्यानं मुद्दामच दाबला नाही."

ती गुडघ्यात डोकं घालून रडू लागली. दगडाबाईचा हात सवयीनं तिच्या पाठीकडे गेला आणि मध्येच थांबला. म्हातारीनं तो मागं घेतला. गाडीचं दार उघडलं, नातीला कडेवर घेतलं आणि तिला आईच्या शेजारी नेऊन बसवलं.