धूर कुणाचा

परदेशात शर्ट विकायचे, तर धूर कुणाचा हे आधी ठरवावं लागतं. मालकाने ते कधीच ठरवून टाकलं होतं. खरेदीवाली बाई तपासणीला आली, की तो कारखान्यामागच्या वस्तीकडे बोट करायचा. “लोक मुंग्यांसारखे वाढतात, बाई. घरागणिक चूल. आम्ही काय करणार?”

एरवी बॉयलरमध्ये जुन्या टायरांचे तुकडे जळत. तपासणीपुरत्या तेवढ्या भुशाच्या कांड्या, म्हणजे धुराडं साळसूद. ही अदलाबदल बॉयलरवालाच करायचा, इमानेइतबारे. मग गेल्या साली वस्तीतल्या घरात त्याची बायको खोकून खोकून गेली. मालकाचा निरोप आला, ‘चुलीपुढे बसून बसून झालं.’ त्याने तो निरोप गिळला, पण पचवला नाही. आणि आता वस्ती हटवायची पालिकेची नोटीस लागली. कारण तेच, धूर.

“उद्या तपासणीला मी टायरच घालणार,” तो थोरल्या वहिनीला म्हणाला. “दुपारपर्यंत वस्तीत चूल पेटता कामा नये.”

वहिनीचा शब्द वस्तीत चालायचा. “बायका ऐकतील, भावजी. पण चहा नाही मिळाला तर बाप्येच धूर सोडतील!” मग तिचं हसू ओसरलं. “कारखाना बसला तर शिलाईवरच्या पोरींचं काय? तुमचं बरं आहे, मागे ना पुढे कोणी.”

“घर गेल्यावर पोरी निजणार कुठे?”

वहिनी उठली. “सांगते घरोघर.”

सकाळी बाई आली. मालकाने सवयीने, वर न बघताच बोट केलं. “बघा, ही लोकसंख्या!”

वस्तीवरचं आभाळ धुतल्यासारखं. धुराची एक रेघ नाही. बाईने मान वळवली. धुराड्यातून काळा लोळ उठत होता, आणि काजळी तिच्या पांढऱ्या बाहीवर उतरत होती. तिने फोटो काढले.

मालक बॉयलरकडे धावला. “बंद कर, मेल्या!”

“आत्ता कुठे पेटलाय, मालक,” म्हणत त्याने आणखी एक तुकडा आत लोटला.

ऑर्डर गेली. ते फोटो पालिकेपर्यंत पोचले, आणि त्यांच्यापुढे नोटीसही टिकली नाही. वस्ती राहिली, पण दीडशे पोरी घरी बसल्या आणि वहिनीने बोलणं टाकलं. पोरींचं त्याला वाईट वाटतं, नाही असं नाही. पण बाईच्या गाडीमागे हात जोडून धावणारा मालक आठवला, की त्याला अजूनही दोन घास जास्त जातात.