कोयत्याची चोच

पोशीरच्या हिरामण लोहाराच्या कोयत्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. निदान त्याच्या तोंडावर तरी नाही. आणि ठेवणार कोण? गावातले सगळे फाळ ज्याच्या भट्टीत शेकायचे, त्याच्याशी नांगरणीच्या तोंडावर वाकडं घेण्याइतकं खुळं पोशिरात कुणी नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, हिरामण नवा कोयता जमिनीवर ठेवायचा, कारण धारेचं हत्यार हातातून हातात दिलं की भांडण लागतं हे लहान पोरालाही ठाऊक. गिऱ्हाईक तो उचलायचं, अंगठ्यानं धार चाचपायचं आणि म्हणायचं, "बेस हाय." मग घरी जाऊन मूठ तासायचं, तिच्यावर चिंध्या गुंडाळायचं आणि पुढची चोच दगडावर घासघासून निम्मी करायचं. हिरामणच्या कानावर पडायचं ते फक्त "बेस हाय". त्यावर तो वीस-पंचवीस वर्षं छाती फुगवून जगला.

कोयत्याचा घाट त्याच्या बापाचा. लांब पातं, पुढे वाकडी चोच, सरळसोट मूठ आणि पात्याच्या बुडाशी तीन टिंबांचा ठसा. देवळातल्या मूर्तीला कुणी नवं नाक बसवत नाही, तसा हिरामण या घाटाला हात लावू द्यायचा नाही. याच कारणावरून त्यानं सख्ख्या धाकट्या भावाला, सहदेवला, घराबाहेर काढलं होतं. सहदेवनं एकदा गिऱ्हाइकांचं ऐकून चोच कापलेला एक कोयता घडवला. हिरामणनं तो भंगाराच्या ढिगात भिरकावला.

"गिऱ्हाईक सांगंल तसं घडवायचं, तर मंग लोहार कशाला पायजे?" तो म्हणाला होता. "उद्या म्हस तुला इचारंल, दूध कसं देऊ म्हणून. सांगशील तिला?"

सहदेवनं सामान बांधलं. बायकोला घेऊन तो खालापूरच्या अंगाला साजगावात गेला आणि तिथं त्यानं आपली भट्टी लावली. त्यानंतर दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. हिरामण कधी विषय निघालाच तर "साजगावचा सुतळीवाला" म्हणायचा. सुतळीचा संबंध काय ते कुणी विचारलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असतं, पण तिकडे कुठं तरी लढाई पेटली आणि इकडे पेट्रोल मिळेनासं झालं. मोटारी कोळशावर चालू लागल्या. एरवी डोंगरवाडीची माणसं डोक्यावरून कोळशाच्या पाट्या आणून लोहाराच्या दारात ओतायची. आता कर्जतचे ठेकेदार रानातल्या रानातच भट्ट्या विकत घेऊ लागले. पोशिरात कोळशाचा खडा दिसेना. हिरामणची भट्टी थंडावली. लाकडावर लोखंड शेकून बघितलं, तर फाळ पाणी धरेना, टोक लगेच बोथटायचं. होळीच्या आधी गावचे फाळ झाले नाहीत, तर गाव दुसरा लोहार बघणार हे उघड होतं. वंशपरंपरेचं काम एका पावसाळ्यात जाणार, या विचारानं हिरामणची झोप उडाली होती. ते तो कुणाला बोलत नव्हता. बायकोला, सुंदराला, सांगायची गरज नव्हती. घण तीच मारायची, आणि तिचा घण कोपऱ्यात उभा होता.

तेवढ्यात मालोजीशेठ ठेकेदार आला. त्याला लाकूडतोड्यांसाठी मोप कोयते हवे होते. कोयते असले तर लाकूड, लाकूड असलं तर कोळसा, आणि कोळसा असला तर कोयते. हे चाक कुठून फिरवायचं ते मालोजीनं ठरवून टाकलं होतं.

"ज्याचा कोयता माझ्या माणसांना पसंत पडंल, त्याला काम," तो म्हणाला. "आनि रानातल्या माझ्या दर भट्टीमागं एक पोतं कोळसा. भट्टी पेटवायला हे एक पोतं आधीच ठेव. मी साजगावलाबी नमुना सांगून आलोय."

साजगावचं नाव ऐकल्यावर हिरामणनं चहाचा कप खाली ठेवला. "शेठ, माझ्या कोयत्याला पसंती लागत नाय," तो म्हणाला. पण पोतं त्यानं आत ओढून घेतलं.

पसंती करायला मालोजीनं पाठवलं ते जयवंता आणि त्याची बायको ठकी यांना. दोघं वाडीवरची, दिवसभर रानात तोडणारी. हिरामणनं बापाच्या घाटाचा फक्कड कोयता जमिनीवर ठेवला. जयवंतानं उचलला, धार चाचपली, म्हणाला, "बेस हाय." हिरामण खूश. चार दिवसांनी दोघं परत आली. जयवंता पुन्हा म्हणाला, "बेस हाय." आणि ठकी म्हणाली, "नाय चालत."

हिरामणला आधी वाटलं, ती दुसऱ्या कशाबद्दल बोलतेय.

"लोहारदादा, ही चोच वेलात आडकती," ठकी म्हणाली. "कमरंच्या आकडीत आडकवून मोळी घेऊन उतरायला लागलं, की मांडीला टोचती. ही बघ." तिनं लुगडं गुडघ्यावर सरकवून खरचटलेलं दाखवलं.

"हात बदल, कोयता नको," असं हिरामणच्या जिभेवर आलं होतं. हे वाक्य त्यानं उभ्या जन्मात कितीदा तरी वापरलं होतं. पण मागे कोपऱ्यात पोतं होतं, आणि ते अर्ध्यावर आलं होतं. त्यानं वाक्य गिळलं. ठकी गेल्यावर बापाच्या तसबिरीकडे पाठ करून त्यानं चोच कापली.

"जरा जास्त काप," सुंदरा म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"नाय कळत," सुंदरा म्हणाली आणि घण उचलला.

दुसऱ्या खेपेला ठकी म्हणाली, वजन टोकाकडं जातंय, सांजच्याला मनगट भरून येतं. हिरामणनं तिच्या मनगटाला, रानाला आणि मालोजीशेठला मनातल्या मनात शिव्या हासडल्या आणि पाठ मुठीजवळ जाड करून पातं आखूड केलं. सुंदरा घण मारता मारता सांगत होती, "इथं राहू द्या, इथं जाड पायजे." तिला हे कुठून सुचतंय, हे विचारायचंही त्याच्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या खेपेला मूठ. हाताला घाम आला की सरळ मूठ निसटते, बुडाशी गाठ ठेव. हिरामणनं गाठ ठेवली. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि सुंदरानं आग्रहही केला नाही.

चौथ्या खेपेला ठकीनं कोयता उचलला, बाजूच्या शेवग्याची फांदी एका घावात उतरवली, आणि कोयता परत खाली ठेवलाच नाही. कमरेच्या आकडीत अडकवून चालू लागली. "बेस हाय" वगैरे काही म्हणाली नाही. हिरामण ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत राहिला. त्याला इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटली.

आठवड्याभरात मालोजीशेठ आला. कोयता त्यानं उलटापालटा करून पाहिला.

"काम तुला," तो म्हणाला. "खरं सांगू? साजगाववाल्यानं पहिल्याच दिवशी हाच कोयता दिला व्हता. डिट्टो. माझी माणसं त्याच्यावरबी खूश व्हती. पर तुझं गाव माझ्या गाड्यांच्या वाटंवर पडतं. तिकडं कोन जातंय उलटं?"

कोळशाची पोती उतरली. भट्टी लाल झाली. हिरामणला भूक लागली, झोप आली, सगळं आलं. फक्त ते "हाच कोयता" डोक्यातून जाईना.

"शेठला काय कळतंय," तो सुंदराला म्हणाला. "सगळे कोयते सारखेच दिसतात त्याला."

सुंदरा उठली, गोठ्यात गेली आणि एक जुना कोयता आणून नव्याच्या शेजारी जमिनीवर ठेवला. चोच कापलेली. पाठ मुठीजवळ जाड. मुठीला बुडाशी गाठ, हाताळून हाताळून काळीभोर झालेली. बुडाशी ठसा नव्हता. नव्यावरची तीन टिंबं सोडली, तर दोन्हींत काडीचा फरक नव्हता.

"ह्यो कुनाचा?"

"तुमीच भंगारात टाकला व्हता," सुंदरा म्हणाली. "वीस वर्सं सरपन ह्यानंच फोडते मी. धारबी मीच लावते. लोहाराच्या घरात बायकोचा कोयता कोन बघतंय?"

"आनि मला सांगितलं नाय?"

"तुमी इचारलं कुटं? इचारलं असतं तर मीबी म्हनले असते, तुमचा बेस हाय."

हिरामण लालबुंद झाला. तो सुंदरावर ओरडला, ठकीवर ओरडला, मेलेल्या बापावरही ओरडला. मग थकून ऐरणीवर बसला. ज्या कोयत्यापायी भावाला हाकललं, तोच कोयता दाखवून भावाच्या तोंडचा घास आपण काढून घेतला, आणि तोही आपलं गाव शेठच्या वाटेवर पडतं एवढ्या कर्तबगारीवर. हे त्याला एकदम कळलं आणि फार लागलं.

दुसऱ्या दिवशी मालोजीशेठची एक गाडी कधी नाही ती साजगावावरून खोपोलीला जायची होती. हिरामण तिच्यात बसला. पायाशी कोळशाचं पोतं होतं. गाडीवानानं विचारलं, हे कुणाला? हिरामण म्हणाला, "सुतळीवाल्याला."

साजगावात सहदेवच्या भट्टीतली राख गार होती आणि राखेत खळगा करून एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. सहदेव दारात दोर वळत बसला होता. वीस वर्षांनी खरोखरच सुतळी त्याच्या हातात बघून हिरामणला कुठं तोंड लपवावं ते कळेना. भावाचे केस पांढरे झाले होते. हिरामणनं नवा कोयता जमिनीवर ठेवला.

सहदेवनं तो उचलला. पाठ बघितली, मूठ धरून पाहिली, तीन टिंबांवरून बोट फिरवलं. अंगठ्यानं धार चाचपली.

"बेस हाय, दादा," तो म्हणाला.

हिरामण पायरीवर बसला. आता या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक होता.

"बेस नको सांगू, सहदेव. काय खटकतंय ते बोल."

सहदेवनं कोयता पुन्हा उलटापालटा केला. थोरल्या भावानं कधी असं काही विचारलं नव्हतं, त्यामुळे खरं सांगायचं की कसं, हे त्याला ठरवता येत नसावं.

"चोच," तो शेवटी म्हणाला. "मीबी सगळीच कापली व्हती तवा. रागात. मागनं वाटलं, बाबांची बोटभर ठेवायला पायजे व्हती. करवंदीची जाळी त्या चोचीनं वढता येती, हात घालावा लागत नाय. पर बोटभर ठेवली तर मांडीला टोचत नाय का, ते बघायला पायजे. इतकी वर्सं मनात हाय. बोलनार कुनाशी?"

हिरामणनं पोत्याची गाठ सोडली.

"मंग आधी ती कोंबडी उठव," तो म्हणाला. "तू घडव. भाता मी वढतो."