राहू द्यायचा पापुद्रा

“वार? बाळामागून पडते ती? माझ्या डोळ्यात वार घालणार तुम्ही?” मावशी तपासणीच्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“अख्खी वार नाही हो, मावशी. तिच्यावरचा पातळ पापुद्रा. बुबुळाला जखम झालीय ना, तिच्यावर तो अंथरायचा. त्याच्या आडोशानं जखम भरून येते.” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई हे तिसऱ्यांदा सांगत होत्या.

ऐकू पहिल्याच वेळी आलं होतं, पण पटायला नको? मावशींनी सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात आया म्हणून काढली. बाळ आईकडे, वार बादलीत आणि बादली मावशींकडे, अशी तिथली वाटणी. आता ती बादली फिरून त्यांच्याच डोळ्यावर उलटणार होती. चूक त्यांचीच होती म्हणा. वॉर्डातली मोरी तुंबली म्हणून त्यांनी तुंबा काढायची जहाल पूड टाकली, वर पाणी ओतलं आणि काम होतंय की नाही हे बघायला वाकल्या. मोरीनं फसकन उत्तर दिलं, ते थेट उजव्या डोळ्यात.

“कुणाची आहे ती वार?”

“नाव सांगत नाहीत. सिझेरियन झालेल्या एका बाईनं दिलीय. सगळ्या तपासण्या झाल्यात.”

“मुलगा झाला का मुलगी?”

हा प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकांवर मावशी आजवर खेकसत आल्या होत्या. आधी बाई कशी आहे ते विचारा, असं सुनावायच्या. आता त्यांची त्यांनाच लाज वाटली.

“बरं, ते राहू दे. बाई बरी आहे ना?”

“अगदी बरी आहे.”

“मग घाला.”

पापुद्रा बसला. त्याच्यावर एक बारीक लेन्स आणि सगळ्यावर प्लास्टिकची झाकणी. डॉक्टरीणबाईंनी मावशींच्या यजमानांना बजावलं, “काका, यांचा हात डोळ्याकडे जाऊ द्यायचा नाही. पापुद्रा निघाला तर जखम उघडी पडेल. मग नजर वाचेल असं मी सांगू शकत नाही.”

काकांनी मान डोलावली. बायकोला कशाची तरी मनाई करायची, हे काम लग्नापासून त्यांच्यावर कुणी सोपवलं नव्हतं. घरी आल्यावर ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले ते बसलेच. न्हाणीघराच्या दारापर्यंत मागे जायला लागले.

“अहो, मी काय चोर आहे का?”

“तू नाहीस. तुझा हात आहे.”

एके सकाळी काका दारात गॅसवाल्याशी बोलत होते. मावशींना सणसणीत शिंक आली आणि लेन्स निसटून गालावर आली. त्यांनी झाकणी काढून आरशात पाहिलं. डोळ्याच्या कोपऱ्यात पांढुरकी, बुळबुळीत कड लोंबत होती.

वॉर्डात वार पडली की नळाखाली धरून, उलगडून बघतात. तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही, बाई हातची जाते. नर्स बघायची, पण मावशी बादली धरून शेजारी उभ्या असायच्या आणि हा धडा त्यांच्या अंगात पुरता मुरला होता. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. उकळून गार केलेलं पाणी घेतलं, कापूस घेतला. इतक्या टापटिपीनं स्वतःच्या डोळ्याचं वाटोळं करायला सहसा कुणी बसत नाही.

“काय चाललंय?” काका दारातूनच ओरडले.

“आत राहिलंय. काढते.”

“अगं, ते राहू द्यायचंय!”

“राहू देत नसतात. बाई दगावते!”

“कोण बाई?”

मावशी आरशातून त्यांच्याकडे वळल्या. कड मात्र चिमटीत होती.

“सोड,” काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाही ओळखू आला नाही. मावशींनी सोडलं. टॅक्सीत बसल्यावरही काकांनी त्यांचं मनगट सोडलं नाही. दोघंही घाबरून गेली होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी मनसोक्त झापलं, मग तपासलं. “कड फाटलीय. मधला भाग जागेवर आहे. नशीब समजा.” त्यांनी नवी लेन्स बसवली.

पुढे तो पापुद्रा आपोआप विरघळून गेला. डावा डोळा झाकून आकडे वाचायची वेळ आली, तेव्हा मावशींना नुसती पांढरी भिंत दिसली. डॉक्टरीणबाई पाटी जवळ आणत गेल्या. हाताच्या अंतरावर आली तशा मावशी ओरडल्या, “आठ!”

“जखम छान भरलीय. पण डाग राहणार, मावशी. या डोळ्यानं लांबचं धूसरच दिसेल. हातभर अंतरावरचं दिसेल.”

काकांचा चेहरा पडला. “त्या दिवशी मी गॅसवाल्याशी बोलत बसलो, म्हणून का?”

“नाही हो काका. पुडीनंच तेवढं जाळलं होतं.”

“हातभर ना?” मावशी म्हणाल्या. “पुष्कळ झालं. बाळं काय लांबून बघायची असतात?”

त्या तशाच डावा डोळा झाकून काकांकडे वळल्या. पुढे सरकल्या, आणखी सरकल्या. काका भिंतीला टेकले. भुवया दिसल्या, मग गालाच्या सुरकुत्या, मग सगळा चेहरा.

“किती म्हातारे झालात हो,” मावशी म्हणाल्या आणि झाकलेल्या डोळ्यावरचा हात काढायचं विसरून बघत राहिल्या.