नव्वदाव्या पायरीवरचा रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल पोटेन्शिओमीटर आहे. घाबरू नका, माझं नावच माझ्यापेक्षा लांब आहे. मी असेन बोटाच्या पेराएवढा, पण रेडिओचा आवाज माझ्या हातात असतो. पूर्वी त्यासाठी गोल बटण पिळावं लागे. मला कुणी पिळत नाही. माझ्या पोटात शून्यापासून नव्याण्णवपर्यंत पायऱ्या आहेत. मायक्रोकंट्रोलर नावाचे आमचे साहेब हुकूम सोडतील तसा मी त्या चढतो-उतरतो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बाईंच्या खणात येऊन पडलो. तिथे दोन वर्षं स्क्रूंचे धक्के खाल्ले. मग त्यांच्या वडिलांच्या रेडिओचं बटण खरखरू लागलं. म्हाताऱ्यांची बोटं थरथरत, त्यांना ते पिळताही येईना. बाईंनी मला आणि साहेबांना आत बसवलं आणि बाहेर आवाज वाढवायची आणि कमी करायची अशा दोन जाडजूड कळा लावल्या.

साहेबांना त्यांनी शिकवलं ते असं: रेडिओ सुरू झाला की याला तीस पायऱ्या चढवायचं आणि ती जागा लक्षात ठेवायला सांगायचं. इथेच घोळ झाला. बाईंनी गृहीत धरलं की मी रोज शून्यावरून निघणार. साहेब वीज गेली की सगळं विसरतात, पण माझी आठवण पक्की. जिथे थांबलो तिथूनच मी पुढे निघतो.

पहिल्या दिवशी तीस. बाईंनी विचारलं, "बाबा, नीट ऐकू येतंय ना?"

"अगदी स्पष्ट," बाबा म्हणाले.

साफ खोटं. बाई कामाला गेल्या आणि बाबांनी कान रेडिओला चिकटवला. वाढवायची कळ दाबली असती, तर शेजाऱ्यांनी लेकीला सांगितलं असतं. कान गेलेत हे कळलं, तर लेक आपलं सकाळचं एकट्यानं फिरणं बंद करील, या धास्तीनं ते गप्प होते.

दुसऱ्या दिवशी बाई लवकर गेल्या. मी तीसवरून साठवर गेलो. बाबांनी खुर्ची जरा मागे घेतली.

तिसऱ्या दिवशी मी नव्वदावर होतो. बाई आत केस धूत होत्या. निवेदकानं हवामान सांगितलं ते अख्ख्या इमारतीला. खालचा शिंपी गळ्यात टेप घेऊन दारात आला. "काका, पाऊस नाही, कळलं. आता मला कापड बेतू द्या."

"बसा ना, छान कार्यक्रम आहे," बाबा म्हणाले.

बाई साबणाच्या फेसासकट धावत आल्या आणि त्यांनी प्लग उपटला.

"का बंद केलास?" बाबा कळवळून म्हणाले. "किती महिन्यांनी शब्द न् शब्द कळत होता."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते चपलेच्या पट्ट्याकडे पाहू लागले. शिंपी हळूच खाली गेला.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू फिरायला जाऊ दिलं नसतंस."

ते खरं होतं. मला फार वाईट वाटलं, पण मी पडलो रेडिओत.

मग त्यांनी साहेबांना नवा धडा दिला: हा कुठेही असो, आधी नव्याण्णव पायऱ्या उतरवायचा, शून्याखाली पायरीच नाही, म्हणजे तो नक्की शून्यावर येईल. मग त्या बाबांजवळ बसल्या आणि मला एकेक पायरी चढवत, दर वेळी "आता?" विचारत राहिल्या. बाबा चौसष्टाव्या पायरीला खरं बोलले.

आता बाबांच्या कानात यंत्र आहे आणि मी चाळीसवर सुखात आहे. बाबा रोज एकटे फिरायला जातात. शिंपी खालून हाक मारून हवामान विचारून घेतो.

मित्रांनो, कुणालाही 'चढ' म्हणण्याआधी तो कुठल्या पायरीवर उभा आहे ते बघा. माझ्यासाठी नव्याण्णव पायऱ्या उतरवाव्या लागतात. माणसाला नुसतं विचारलं, आणि तो खरं बोलेपर्यंत शेजारी बसलं, तरी पुरतं.