पहिला ठोका कुलदीपचा

अमडापुरात ऋत्विक काय वाजवतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यात गावाचा काही दोष नव्हता. इलेक्ट्रिक गिटारचा खरा आवाज बाहेर पडतो तो वायरीतून, आणि ऋत्विकची वायर मोबाइलमार्गे थेट त्याच्या हेडफोनात जायची. त्याच्या कानात दरडी कोसळत असायच्या आणि बाहेरच्याला ऐकू यायची नुसती टिकटिक, फणीच्या दातांवरून नख फिरवल्यासारखी. पोरगा रोज संध्याकाळी फणी वाजवतो, एवढंच घराला माहीत.

एकदा त्याच्या काकांनी, अर्जुनरावांनी, उंबऱ्यात उभं राहून विचारलं होतं, "हे नेमकं काय असते रे?"

"प्रोग्रेसिव्ह मेटल."

"म्हंजे प्रगतिशील शेतकरी असते तसं?"

"हाव काका, तसंच."

काका समाधानाने निघून गेले. पूर्वी ऋत्विक अशा वेळी हेडफोन काढून समोरच्याच्या कानाला लावायचा, आणि समोरचा ते विंचू चावल्यासारखे काढून परत द्यायचा. मग त्याने हो म्हणून मोकळं व्हायची सवय लावून घेतली. माणूस एकटा पडला की सगळ्यात आधी समजावून सांगणं सोडतो.

दिवसा तो चिखलीला ठिबक सिंचनाच्या दुकानात नळ्या कापून द्यायचा. संध्याकाळी घरी आला की टोमॅटोचे रिकामे कॅरेट रचलेल्या खोलीत गिटार घेऊन बसायचा. आई, बेबीताई, तिथेच खाली पोतं अंथरून सकाळच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायची. दोघं एका खोलीत असायची, पण त्याच्या कानांवर हेडफोन, त्यामुळे बोलणं असं काही व्हायचं नाही.

त्याला वेड लागलं होतं ते या संगीतातल्या आडव्यातिडव्या ठोक्यांचं. उजव्या तळहाताची कड तारांवर दाबायची आणि जाड तारेवर घाव घालायचे. पण घाव जिथे पडेलसं वाटतं तिथे तो पाडायचा नाही. पाय सरळ एक, दोन, तीन, चार मोजत राहतो आणि हात त्याच्या अलीकडे, पलीकडे, मधल्याच एखाद्या सांदीत जाऊन पडतो. हातापायांची अशी फारकत करायची आणि तरी संसार मोडू द्यायचा नाही. व्हिडिओ बघून बघून हे शिकण्यात त्याची काही वर्षं गेली होती, आणि तो चांगला वाजवायला लागला होता. फक्त ते कोणी ऐकलेलं नव्हतं.

तेवढ्यात कुलदीप भेटला. म्हणजे मोबाइलवर भेटला. बुलढाण्यात बापाच्या टाइल्सच्या दुकानावर एक खोली, तिथे त्याचे ड्रम. त्याच्या बँडचा गिटारवाला नोकरीसाठी बंगळूरला गेला होता आणि ती जागा भरायची होती. आपल्याच जिल्ह्यात हे वाजवणारं दुसरं कोणी आहे, हे वाचून ऋत्विकला दुपारचा डबा गेला नाही. कुलदीपने जुन्या गिटारवाल्याचं फोनवर केलेलं एक रेकॉर्डिंग पाठवलं. नुसती गिटार, तीच एक चाल पुन्हा पुन्हा. खाली लिहिलं होतं, "हे बसव अन् महिनाअखेरच्या रविवारी ये. अजून एक पोरगी येऊन राह्यली मलकापूरची, पूनम. एकालेच घेणार."

ऋत्विकला स्टेज नको होता की नाव नको होतं. आपण वाजवत असताना त्याच खोलीत दुसरं कोणीतरी वाजवतंय, एवढंच त्याला आयुष्यात एकदा हवं होतं. त्याने महिनाभर जिवाचं रान केलं.

चाल अवघड होती, पण बसली. फक्त एक गोष्ट त्याला खटकत होती. प्रत्येक फेरी संपली की रेकॉर्डिंगमध्ये एक छोटी फट यायची आणि मग पुढची फेरी सुरू व्हायची. त्याला वाटलं, वाजवणाऱ्याचा हात दमत असावा. बिचारा दम घेत होता! आपला हात दमत नाही हे दाखवायला ही संधी बरी होती. त्याने त्या फटीत स्वतःचा एक सणसणीत घाव बसवला आणि फेरीला फेरी अशी जोडून टाकली की पाणी झिरपायला जागा राहू नये. मोबाइलमधल्या ताल मोजणाऱ्या टिकटिकीबरोबर ते तंतोतंत जमलं. टिकटिक बिचारी कधी हरकत घेत नाही.

रविवारी तो आधी चिखलीला आणि तिथून बुलढाण्याला गेला. एसटीत गिटार मांडीवर उभी धरून बसला होता. खोलीत शिरून मोठ्या ॲम्प्लिफायरला वायर जोडली आणि पहिल्यांदा आपला आवाज त्याने कानाबाहेर ऐकला. भिंतीला टेकवलेल्या टाइल्स थरथरल्या. त्याला हसू आवरेना.

कुलदीपने काड्या आपटून चार मोजले आणि दोघांनी सुरुवात केली. दुसऱ्याच फेरीत सगळं गडगडलं.

"थांब, थांब बे," कुलदीप म्हणाला. "पह्यला ठोका तू काऊन घेऊन राह्यला?"

"कोणता?"

"फेरी सुरू व्हते तो. तो माह्या हाये. तिथं गिटार गप राह्यते, मी एकटा मारतो, अन् मंग तू येतो. त्याच्यासाठीच तर ती जागा सोडेल हाये."

ऋत्विकच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. जुना गिटारवाला दम घेत नव्हता तर. जागा सोडत होता. दुसऱ्यासाठी जागा सोडतात, ही गोष्टच इतक्या वर्षांत त्याच्या मनात आली नव्हती, कारण दुसरं कोणी कधी नव्हतंच.

त्यांनी पुन्हा वाजवलं, पुन्हा पुन्हा वाजवलं. डोक्याला कळलं होतं, पण हाताला महिनाभराची खोड. फट आली की हात आपोआप पडायचा आणि कुलदीपच्या ठोक्यावर आदळायचा. फक्त एकदा, दुपार कलताना, हात थांबला. त्या रिकाम्या जागेत मागून कुलदीपचा मोठा ढोल धाडकन आला आणि थेट ऋत्विकच्या पाठीतून छातीत उतरला. मग ऋत्विक आला. मग पुन्हा कुलदीप. काही फेऱ्या दोघं असे एकामागून एक चालत राहिले, आणि ऋत्विकच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी आलं म्हणून लक्ष उडालं, आणि हात पडला.

"हात कडक हाये तुह्या," निघताना कुलदीप म्हणाला. तो मनापासून म्हणत होता. "पाहू."

बुधवारी दुकानात निरोप आला. पूनमला घेतलं होतं. ती भावासोबत वाजवत मोठी झाली होती, तिला सोबतीची सवय होती. "वाईट वाटून नको घेऊ भावा," असंही कुलदीपने लिहिलं होतं. ऋत्विकने अंगठा पाठवला आणि गिऱ्हाइकाची नळी कापायला घेतली. ती त्याने वीतभर आखूड कापली आणि शिव्या खाल्ल्या.

वाईट वाटायचं ते वाटलंच. पण संध्याकाळी त्याने गिटार काढली आणि चाल बरोबर वाजवायला बसला. आता कोणासाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं. चुकीचं वाजवणं मात्र त्याच्याच्याने होईना. हळूहळू, फेरीमागून फेरी, हाताला थांबायला शिकवलं. काही दिवसांनी हात थांबायला लागला.

एका संध्याकाळी त्याची टिकटिक मधेमधे थांबतेय हे ऐकून आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. तिने त्याच्या गुडघ्याला हात लावला. त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"काऊन रे बापू, अटकून राह्यला का? मांगं तं कसं सरसर चालत होतं."

"अटकलो नाही आई. तिथं थांबाच लागते."

"काऊन?"

"तिथं दुसऱ्यानं वाजवायचं असते."

बेबीताईने दाराकडे पाहिलं. तिने ते अगदी खरं धरलं होतं. "मंग सांगितलं नाही आधी? कोण येणार हाये?"

"कोणी नाही," ऋत्विक म्हणाला आणि हेडफोन पुन्हा कानावर ओढला. त्या संध्याकाळी त्याचा हात एकदाही चुकला नाही.