फाइल फुटेजमधले बाबा

"दंगलीच्या प्रत्येक बातमीत माझे बाबा का दिसतात?"

मैत्रिणींनी विचारून दाखव म्हणून पैज लावली होती. म्हणून वृत्तवाहिनीचं कार्यालय बघायला गेलेल्या अख्ख्या वर्गासमोर तिने संपादकांना विचारलंच. तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. दोन वर्षांपूर्वी प्रार्थना करून मशिदीबाहेर पडताना कॅमेऱ्याने त्यांना टिपलं होतं. तेव्हापासून दंगल कुठेही होवो, पडद्यावर बाबा हजर.

"अगं, ते फाइल फुटेज, जुनं साठवलेलं चित्रण," संपादक हसले. "दाढी-टोपी दिसली की लोकांना लगेच कळतं."

"काय कळतं?"

"चला, पुढचा प्रश्न."

घरी पोचली तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेलीच होती. बाबा आरशासमोर कात्री घेऊन उभे होते.

"गिऱ्हाइकं बिचकतात गं. दाढी काढली की कटकट मिटेल."

"आणि तू शाळेत गप्प बसत जा," आई म्हणाली. शाळेतून तिला फोन आला होता.

तिने कात्री काढून घेतली. "तुम्हाला दाढी नकोशी झाली तर खुशाल काढा, बाबा. त्यांच्यासाठी नाही. उद्या मी वाहिनीविरुद्ध लेखी तक्रार देणार आहे, आडनावासकट. तुम्ही आलात तर बरं, नाहीतर मी एकटी जाते."